एफ.ई.च्या वर्गात लर्निंग कम्युनिटी: सुरुवात टाइमटेबलपासून

एफ.ई.ला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, लर्निंग कम्युनिटी (एकत्र शिकणारा गट) सुरू करायची म्हटलं की बऱ्याच कॉलेजांत आधी व्हॉट्सॲप ग्रुप होतो, मग बॅनर छापला जातो, मग उद्घाटनाचा फोटो. तिसऱ्या आठवड्यानंतर त्या ग्रुपवर ‘उद्या एम-वनचं (गणिताच्या पहिल्या पेपरचं) लेक्चर आहे का?’ याखेरीज काही येत नाही. मुलांना रस नसतो म्हणून असं होतं, हे खरं नाही. एकत्र बसायला त्यांना वेळ दिलेला नसतो, आणि एकत्र बसून करावं असं कामही नसतं. या दोन गोष्टी जागेवर असतील तर बॅनर नसला तरी चालतं.

इथे आपण एका ठरावीक रचनेबद्दल बोलतोय. तेच वीस विद्यार्थी, किमान दोन सामाईक विषय, ते विषय शिकवणारे आणि एकमेकांशी दर आठवड्याला बोलणारे दोन शिक्षक, आणि सर्वांनी मिळून अवघड गणितं सोडवायचे आठवड्याचे दोन तास. अमेरिकेत या कल्पनेला जुना इतिहास आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात अलेक्झांडर माइकलजॉन यांनी १९२७ मध्ये असंच एक कॉलेज काढलं, ते १९३२ पर्यंत चाललं. पण इंजिनिअरिंगच्या वर्गासाठी त्याहून उपयोगी उदाहरण बर्कलीचं आहे. १९७० च्या दशकात युरी ट्रीसमन यांनी तिथे कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा आणि पुढे असणाऱ्या चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास जवळून पाहिला. पहिली मुलं मेहनतीत कमी नव्हती, पण ती एकेकटी अभ्यास करत. दुसरी मुलं आधी एकटी बसत, मग एकत्र येऊन एकमेकांच्या चुका काढत. ट्रीसमन यांनी यावर ‘कच्च्या मुलांचा जादा तास’ काढला नाही. वर्गात येतात त्याहून अवघड गणितं घेऊन गटाने बसायची कार्यशाळा काढली, आणि ती लागू पडली.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलसाठी ‘स्लो लर्नर’ची यादी निघते, ती नोटीस बोर्डावर लागते, आणि त्या मुलांना साडेचारनंतर थांबायला सांगतात. पुढे काय होतं हे सांगायला नको. कॉलेजची बस पावणेपाचला सुटते.

आधी टाइमटेबल

हे काम प्रवेश सुरू होण्यापूर्वी करायचं. टाइमटेबल एकदा छापलं की पुढचे सहा महिने ते कोणी हलवत नाही.

साठ मुलांची तुकडी प्रॅक्टिकलसाठी तीन बॅचमध्ये आपोआप विभागली जाते, म्हणजे वीसचा आकडा तयारच असतो. अडचण अशी की कधी फिजिक्सच्या लॅबला एक बॅच, मेकॅनिक्सच्या लॅबला वेगळी बॅच आणि मॅथ्सच्या ट्युटोरियलला तिसरीच, असं वाटप होतं. टाइमटेबल करणाऱ्यांकडून पहिली गोष्ट लिहून घ्यायची: एका बॅचचे वीस जण सगळ्या लॅबला आणि ट्युटोरियलला तेच राहतील. याला एक रुपया लागत नाही, आणि निम्मं काम इथेच होतं. आठवड्यातून चार-पाच वेळा तेच चेहरे समोर आले की मुलं नावं विचारायला लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे सलग दोन तास. ते नव्याने कुठून आणायचे, असं एच.ओ.डी. (विभागप्रमुख) विचारतील. मॅथ्सच्या ट्युटोरियलचा एक तास आहेच. त्याला लागून मेंटॉरिंगचा किंवा ‘लायब्ररी’ लिहिलेला तास ठेवायचा. त्या तासाला मुलं नेमकी कुठे असतात हे कँटीनवाल्याला विचारा. हे दोन तास मंगळवार ते गुरुवारमध्ये आणि जेवणाच्या सुट्टीपूर्वी हवेत. सोमवारी गावाहून येणारे उशिरा येतात, शुक्रवारी दुपारी जाणारे लवकर निघतात. संध्याकाळ तर अजिबात नको. होस्टेलची मुलं थांबतील, अप-डाऊन करणारी थांबू शकत नाहीत, आणि महिनाभरात तुमची कम्युनिटी म्हणजे होस्टेलचा कंपू होईल.

तिसरी गोष्ट शिक्षकांच्या वर्कलोडची. मॅथ्सचे शिक्षक ॲप्लाइड सायन्सचे, मेकॅनिक्सचे सिव्हिलचे, दोघांचे एच.ओ.डी. वेगळे. हे दोन तास आणि शिक्षकांची आठवड्याची अर्ध्या तासाची बैठक वर्कलोडमध्ये मोजली जाईल, असं प्राचार्यांच्या सहीने घ्या. मोजली नाही तर पहिल्या इन्सेमच्या (सेमिस्टरच्या मध्यावरच्या परीक्षेच्या) गडबडीत ती बंद पडते आणि पुन्हा सुरू होत नाही.

विषय निवडताना दोन्ही विषय एकाच सेमिस्टरला आहेत ना, ते पाहा. काही ठिकाणी अर्ध्या तुकड्यांना मेकॅनिक्स पहिल्या सेमिस्टरला असतो आणि अर्ध्यांना दुसऱ्या. युनिटांचा क्रमही जुळवावा लागतो. मॅट्रिक्स मॅथ्समध्ये बऱ्याचदा शेवटाकडे येतात आणि ट्रस (टोकांना जोडलेल्या दांड्यांचा सांगाडा, पुलाला असतो तसा) मेकॅनिक्समध्ये आधी. इन्सेमचा भाग ठरलेला असतो, त्याला हात लावता येत नाही. पण त्यानंतरची युनिटं मागेपुढे करायला विद्यापीठाची हरकत नसते. दोन्ही शिक्षकांनी टीचिंग प्लॅन शेजारी ठेवून एक तास बसलं की हे जुळतं.

गट कसे पाडायचे

वीस जणांचे चार गट, पाच-पाचचे. पण पहिल्या दिवशी चार-चारचेच करा. कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) पुढच्या फेऱ्यांतून आणि संस्था पातळीवरच्या प्रवेशातून मुलं कित्येक आठवडे येत राहतात. त्यांच्यासाठी प्रत्येक गटात एक खुर्ची मोकळी ठेवायची. उशिरा आलेल्या सगळ्यांचा मिळून एक गट करणं ही सर्वांत सोपी आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. चौघांनाही मागचं काहीच माहीत नसतं, आणि विचारायला शेजारी कोणी नसतं.

गट शिक्षकांनी पाडायचे. मुलांना सोडलं तर एकाच ज्युनिअर कॉलेजची किंवा एकाच क्लासची मुलं एकत्र बसतात. रोल नंबरप्रमाणेही नको, कारण रोल नंबर आडनावावरून किंवा प्रवेशाच्या क्रमावरून लागलेले असतात. एक छोटा फॉर्म भरून घ्या: होस्टेल की अप-डाऊन, दहावीचं माध्यम, बारावीला कोणता विषय जड गेला, ड्रॉइंग किंवा प्रोग्रॅमिंग आधी केलंय का. सीईटीचा पर्सेंटाइल मागू नका. तो कॉलेजकडे असतोच, आणि फॉर्मवर लिहून घेतला की मुलं पहिल्या मिनिटाला एकमेकांना विचारतात.

मग तीन नियम पाळायचे. एका गटात मुलगी असेल तर किमान दोन हव्यात. चार मुलांत एकटी मुलगी असली की तिच्या हातात पेन येतं आणि ती गटाची लेखनिक होते. बॅचमध्ये तीनच मुली असतील तर तिघी एका गटात, बाकीचे गट मुलांचे. वाटप असमान दिसतं, दिसू द्या. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थीही एकटा नको, निदान दोघे असावेत. आणि अप-डाऊनवाल्यांत एकाच बाजूने येणारे दोघे मिळाले तर त्यांना एकत्र टाका, कारण लोकलमध्ये किंवा एसटीत उरलेलं गणित पुरं होतं.

हे गट सहा-सात आठवडे ठेवायचे, साधारण इन्सेमपर्यंत. नंतर एकदाच बदलायचे. दर दोन आठवड्यांनी बदलले तर कोणालाच कोणासमोर चुकायचं धाडस होत नाही. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) सुचवलेल्या तीन आठवड्यांच्या इंडक्शनमध्येच गट पाडून टाकले तर भाषणांच्या मध्ये त्यांना एकत्र करायला काहीतरी मिळतं.

भाषेचं म्हणाल तर चर्चा मराठीत होऊ द्या. गटात कोणी अमराठी असेल तर मुलं आपोआप हिंदीवर येतात, त्यातही ढवळाढवळ नको. कागदावर मात्र इंग्रजीच, कारण बहुतेकांना पेपर इंग्रजीत लिहायचाय. ‘टेकू काढला तर रिॲक्शन जाणार ना रे’ असं मराठीत उमजलेलं पोरगं ते इंग्रजीत लिहू शकतं. उलट क्रमाने सहसा होत नाही.

शीट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एका बैठकीला एक पानाची शीट, तिच्यात चार प्रश्न. सेमिस्टरला दहा-अकरा शीट लागतात. सेमिस्टर सुरू होण्यापूर्वी निदान चार तयार हव्यात, नाहीतर पाचव्या आठवड्याला लोकल ऑथरच्या पुस्तकातली गणितं उतरवून शीट निघते. तशा शीटची उत्तरं मुलांकडे आधीच असतात. एकमेकांचं जर्नल बघून छापायची सवय इथेही येते, फक्त आता पाच जण मिळून छापतात.

गटासाठीच्या प्रश्नाची कसोटी सोपी आहे. वर्गातला हुशार विद्यार्थी तो एकटा दहा मिनिटांत सोडवत असेल तर तो गटाचा प्रश्न नाही. बाकी चौघे त्याचं लिहिलेलं उतरवतील. प्रश्नात एकाने मोजावं, एकाने काढावं, एकाने शंका घ्यावी अशी जागा हवी.

चुकीचं उत्तर देऊन चूक शोधायला लावणं हा पहिल्या दोन बैठकींसाठी हमखास चालणारा प्रकार आहे. शीटवर असं छापा: १०० न्यूटन वजनाचा ठोकळा आडव्या फरशीवर आहे, घर्षणांक ०.३, आडवा जोर २० न्यूटन. एका विद्यार्थ्याने लिहिलं, घर्षण म्हणजे घर्षणांक गुणिले नॉर्मल रिॲक्शन, म्हणजे ३० न्यूटन, म्हणून निव्वळ बल १० न्यूटन मागे. चूक कुठे आहे? पाचांपैकी तिघे आधी म्हणतात, बरोबरच आहे, फॉर्म्युला तोच आहे. मग एखादा बोलतो, ‘म्हणजे आपण ढकलला की ठोकळा आपल्याच अंगावर येणार?’ इथून पुढची दहा मिनिटं शिक्षकाने गप्प बसायचं. घर्षणांक गुणिले नॉर्मल ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे, इथे घर्षण फक्त २० न्यूटन आहे आणि ठोकळा हलत नाही, हे त्यांचं त्यांनी काढलं पाहिजे. फळ्यावर सांगितलेलं ते इन्सेमपर्यंतच टिकतं.

दोन विषय जोडणाऱ्या शीटचा एक नमुना सविस्तर देतो, कारण ‘इंटिग्रेशन करा’ असं सगळेच सांगतात आणि करायचं काय ते कोणी सांगत नाही.

शेजारी-शेजारी दोन चौरस चौकटींचा ट्रस घ्या. सहा जॉइंट (सांधे). वरचे दोन मेंबर (दांड्या), खालचे दोन, उभे तीन, म्हणजे सात. आता दोन तिरके मेंबर घालायचे, एकूण नऊ. डाव्या टोकाला खाली हिंज (दोन रिॲक्शन), उजव्या टोकाला खाली रोलर (एक), म्हणजे टेकूंकडून येणारी बलं, रिॲक्शन, एकूण तीन. मेकॅनिक्सच्या वर्गात शिकवलेला नियम असा: मेंबरची संख्या म्हणजे दोन गुणिले जॉइंट वजा तीन. दोन गुणिले सहा वजा तीन, नऊ. नियम बसला.

पहिला प्रश्न: दोन्ही तिरके मेंबर डाव्याच चौकटीत फुलीसारखे घाला आणि उजवी चौकट रिकामी ठेवा. मेंबर अजूनही नऊच आहेत. ट्रस उभा राहील का? गटाला आइस्क्रीमच्या काड्या आणि कागदाला लावायच्या पितळी फास्टनर पिना द्या. काड्यांना भोकं आदल्या दिवशी वर्कशॉपमधून पाडून आणा. वर्गात पाडायला गेलात तर काड्या उभ्या चिरतात आणि वीस मिनिटं तिथेच जातात. जोडलेला नमुना हातात घेतला की उजवी चौकट दारासारखी कलते. नियम बसतो आणि ट्रस पडतो, हे डोळ्यांनी दिसतं.

दुसरा प्रश्न मॅथ्सचा. सहा जॉइंट, प्रत्येकी दोन समीकरणं, म्हणजे बारा. अज्ञात राशी नऊ अधिक तीन, बाराच. बारा बाय बाराचा मॅट्रिक्स मांडा. प्रत्येक गटमित्राने एक जॉइंट घ्यायचा आणि त्याच्या दोन ओळी लिहायच्या, उरलेला एक सगळ्यांनी मिळून. चिन्हाची चूक इथे होतेच होते. ताण धन धरायचा हे आधी ठरवलं नसेल तर पाच जण पाच पद्धतींनी लिहितात आणि मॅट्रिक्स निरर्थक होतो. शीटवर हे मुद्दाम सांगू नका. एकदा चुकू द्या.

तिसरा प्रश्न: या मॅट्रिक्सची रँक, म्हणजे खरोखर स्वतंत्र समीकरणांची संख्या, किती? हाताने काढायला लावणं म्हणजे छळ आहे. पहिल्या वर्षाला पायथन असेल तर प्रोग्रॅमिंगच्या लॅबमध्ये नमपायने (पायथनच्या गणिती लायब्ररीने) काढा. उत्तर ११ येतं. डाव्या चौकटीत एक मेंबर जास्तीचा आणि उजवीकडे एक कमी, म्हणून बाराव्या समीकरणात नवीन काहीच नाही. एक तिरका मेंबर उजवीकडे हलवला की रँक १२ होते. काहीजण रँकऐवजी डिटरमिनंट काढतील. त्यांना नेमकं शून्य न येता खूप छोटी दशांश संख्या येऊ शकते, आणि ‘शून्य नाही, म्हणजे ट्रस ठीक आहे’ असं ते लिहितील. संगणक दशांश संख्या काटछाट करून साठवतो हे सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नाही.

चौथा प्रश्न मोकळा: नियम बसतो पण ट्रस पडतो, असा दुसरा आकार शोधा. बहुतेक गटांना वेळ पुरत नाही. पुरू नयेच. उरलेलं घेऊन ते बाहेर पडतात, आणि कँटीनमध्ये त्यावर बोलणं निघालं तर शीट जमली असं समजा.

प्रत्येक शीट आधी एका सीनियरकडून एकट्याने सोडवून घ्या. त्याला लागलेल्या वेळाच्या अडीचपट वेळ नव्या गटाला लागतो असा अंदाज धरा.

दोन तासांत काय होतं

बाकं सरकवता येतील अशी खोली हवी. पायऱ्यापायऱ्यांचा लेक्चर हॉल मिळाला तर तो नाकारा, ड्रॉइंग हॉल सर्वांत उत्तम. प्रत्येक गटाला दोन बाय तीन फुटांचा एक व्हाइटबोर्ड आणि एकच मार्कर. एकच, हे महत्त्वाचं. पाच वह्या आणि पाच पेनं असली की पाच जण शेजारी बसून एकेकटा अभ्यास करतात. मार्कर दर प्रश्नाला पुढच्याकडे जातो, आणि ज्याच्या हातात मार्कर त्याने स्वतःचं काही लिहायचं नाही, बाकीचे सांगतील तेच लिहायचं. हुशार पोराला हा नियम फार जाचतो. त्याच्यासाठीच तो आहे.

पहिली पाच-सात मिनिटं प्रत्येकाने शीट एकट्याने वाचायची, बोलायचं नाही. हे वगळलं तर सर्वांत जलद बोलणारा दिशा ठरवून टाकतो. नंतर सत्तर-पंच्याहत्तर मिनिटं गटकाम. मग चिठ्ठी काढायची: जो नंबर येईल त्याने आपल्या गटाचा एक प्रश्न बोर्डासमोर समजावायचा. कोणाचाही नंबर येऊ शकतो म्हणून गट शेवटच्याला समजावल्याशिवाय पुढे सरकत नाही. शेवटची दहा मिनिटं एक छोटी वैयक्तिक परीक्षा, शीटवरच्यासारखाच एक प्रश्न, आकडे वेगळे.

मोबाइल एका गटाला एक, तोही कॅल्क्युलेटर किंवा कोड चालवायला. एआयला प्रश्न विचारला तर तो ट्रसचं उत्तर पायऱ्यापायऱ्यांनी देईल, पण चिठ्ठीत नंबर आल्यावर बोर्डासमोर तो उभा राहत नाही. दोन-तीन बैठकींत मुलांना हे कळतं.

सीनियर

दोन गटांमागे एक सीनियर, म्हणजे बॅचला दोन, तुकडीला सहा. मिसुरी-कॅन्सस सिटी विद्यापीठात १९७३ मध्ये डीएना मार्टिन यांनी सुरू केलेल्या सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शनमधून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. जोखीम विद्यार्थ्यावर न लावता विषयावर लावायची: एम-वन अवघड आहे, तुम्ही कच्चे नाही. आणि सीनियरने त्या विषयाच्या लेक्चरला पुन्हा बसायचं. आपल्याकडे टाइमटेबलमुळे सगळी लेक्चरं जमत नाहीत, पण आठवड्यात एक तरी जमवा. यंदा सर काय शिकवताहेत हे माहीत नसलेला सीनियर ‘आमच्या वेळी असं होतं’ सांगत बसतो.

टॉपर शोधू नका. ज्याला मेकॅनिक्सची एकदा केटी लागली (विषय राहिला) आणि मग नीट समजून सुटली, असा तिसऱ्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी बऱ्याचदा सरस ठरते. कुठे अडकायला होतं ते तिला आठवत असतं. टॉपर मार्कर हातात घेतो. म्हणून सीनियरचा पहिला नियम हाच: मार्करला हात लावायचा नाही. ‘बरोबर आहे का?’ विचारलं तर ‘कसं तपासाल?’ विचारायचं. एफबीडी (फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती) काढली नसेल तर एवढंच म्हणायचं, ‘एफबीडी दाखवा.’ सुरुवातीला दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या, त्यात पहिल्या चार शीट सीनियरांनी स्वतः गटाने सोडवायच्या. मग दर आठवड्याला एक तास पुढच्या शीटसाठी.

पैसे द्या. ‘अनुभव मिळेल’ म्हणून आलेला सीनियर सबमिशनच्या आठवड्यात गायब होतो. जिथे ‘कमवा व शिका’ योजना चालते तिथे हे काम तिच्यात बसतं का ते विद्यार्थी विकास विभागाला विचारा.

सीनियर आणि फर्स्ट इयर एकत्र येणार म्हटल्यावर रॅगिंगचा प्रश्न येतो, आणि तो उडवून लावायचा नाही. महाराष्ट्रात १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा आहे. बैठक फक्त वर्गात, फक्त दिवसा, शिक्षक खोलीत असतानाच. सीनियरने कोणाचा वैयक्तिक नंबर मागायचा नाही. निरोप शिक्षकांमार्फत जातील.

मार्क

टर्मवर्क (सेमिस्टरभरच्या कामाचे मार्क) २५ मार्कांचं असेल तर त्यातले १० इथे ठेवा: ६ वैयक्तिक छोट्या परीक्षांचे, ४ गटाच्या शीटचे. गटाचे मार्क यापेक्षा वाढवले की भांडणं वाढतात. शून्य केले तर बोर्ड कोरा राहतो.

गटात काम न करणाऱ्याचं काय, हा प्रश्न पहिल्या महिन्यात येतोच. इन्सेमपूर्वी प्रत्येकाने बाकी चौघांना गुपचूप शंभरपैकी गुण द्यायचे. हुशारीला नाही: आला का, बोलला का, दिलेलं काम केलं का, एवढ्यालाच. समजा पाच जणांची सरासरी ८०, ७५, ९०, ८५ आणि ५० आली. गटाची सरासरी ७६. ज्याला ५० मिळाले त्याचा गुणक ५० भागिले ७६, म्हणजे सुमारे ०.६६. शीट २० पैकी तपासल्या (४ वर नंतर आणायचे) आणि गटाला १६ असतील तर त्याला साधारण साडेदहा. ९० वाल्याचा गुणक १.१८ येतो, पण वरची मर्यादा १.०५ ठेवायची, म्हणजे १६.८. मर्यादा नसेल तर सगळं आपणच करायची हौस असलेल्याला बक्षीस मिळतं. पाचही जणांनी सगळ्यांना १०० दिले तर समजा, चहावर करार झालाय. तेव्हा गटाला बोलवा आणि आकड्यांऐवजी प्रत्येकाबद्दल एक वाक्य लिहायला सांगा. करार वाक्यांत टिकत नाही.

बिघडतं ते असं

ऐच्छिक ठेवलं तर आधीच अभ्यास करणारी मुलं येतात. निकाल छान दिसतो आणि त्याला काही अर्थ नसतो. पूर्ण बॅच घ्या.

शिक्षकाला गप्प बसवत नाही. पंधराव्या मिनिटाला ते फळ्याकडे जातात, ‘जरा इकडे लक्ष द्या’ म्हणतात, आणि कार्यशाळेचं लेक्चर होतं. अशा वेळी खडू खोलीत न ठेवणं हा उपाय आहे, चेष्टा नाही.

आणि एक बिघाड यशातून येतो. वीस जणांची खरंच मैत्री झाली की बॅच एक होते, आणि एक झालेली बॅच मास बंकही (सगळ्यांनी मिळून लेक्चर बुडवणंही) एक होऊन करते. नावडत्या शिक्षकाविरुद्ध अख्खी बॅच गप्प बसते, नव्याने आलेल्याला आत घेत नाही. परदेशातल्या लर्निंग कम्युनिटींतही हा त्रास नोंदलेला आहे. गट इन्सेमनंतर बदलायचे ते यासाठीच. लेक्चरं पूर्ण तुकडीची असू द्या आणि एखादा प्रोजेक्ट दोन बॅच मिसळून द्या.

सेकंड इयरला डिप्लोमा करून थेट आलेली मुलं असतील तर तिथे हीच रचना एम-थ्री आणि ब्रँचच्या एका विषयाभोवती लावा. त्यांनी एम-वन, एम-टू केलेलं नसतं, पण वर्कशॉप, ड्रॉइंग आणि प्रत्यक्ष यंत्र त्यांना माहीत असतं. शीटमध्ये त्या ज्ञानाची गरज पडेल असा एक प्रश्न दर वेळी हवा. नाहीतर ती सेमिस्टरभर फक्त विचारणारी बाजू राहतात आणि हळूहळू मागच्या बाकावर जातात.

मोजायचं काय

एनबीएच्या (अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या मंडळाच्या) फाइलला हजेरी, रुब्रिक, फोटो लागतात, ते ठेवा. टीमवर्कच्या आउटकमला ते कामाला येतात. निकालाची तुलना करायची तर मागच्या वर्षाशी करू नका, पेपर वेगळा असतो. त्याच वर्षी रचना न लावलेल्या बॅचशी करा, तीही प्रवेशाच्या गुणांत सारखी असेल तरच. टक्केवारीपेक्षा केटीची संख्या आणि परीक्षेलाच न बसलेल्यांची संख्या जास्त सांगून जाते.

याखेरीज एक कागद दुसऱ्या आणि दहाव्या आठवड्यात भरून घ्या. त्यावर एकच प्रश्न: रात्री गणित अडलं तर वर्गातल्या कोणाकोणाला विचाराल? नावं लिहा. दुसऱ्या आठवड्यात सरासरी दोन नावंही येत नाहीत, आणि ती बहुधा जुन्या ओळखीची असतात. दहाव्या आठवड्याच्या कागदांवरून दोन याद्या करा: ज्यांनी कोणाचंच नाव लिहिलं नाही ते, आणि ज्यांचं नाव कोणीच लिहिलं नाही ते. दोन्ही यादींत असलेली दोन-तीन मुलं प्रत्येक बॅचमध्ये निघतात. हे कागद कोणाला दाखवायचे नाहीत, फाइललाही लावायचे नाहीत. इन्सेमनंतरचे गट सहा-सात आठवड्यांनी पडतात, म्हणून त्या फेरवाटपासाठी हाच कागद सहाव्या आठवड्यातही घ्या आणि नवे गट पाडताना या मुलांपासून सुरुवात करा: आधी त्यांची जागा ठरवा, मग त्यांच्याशेजारी कोण बसेल ते.